बोळाचा निकाल

“ओढ रे, जोर लाव! हातगाडी आहे ती, पाळणा नाही!” भिंगरी मागून ओरडली.

“मग ये की पुढे! मागे तुझं तोंडच जास्त ढकलतंय!” पंडितने उलट सुनावलं, आणि तेवढ्यात गाडीचं चाक धाडकन कशावर तरी आदळलं. ओल्या चादरींचा ढीग कलला. ढिगावर महाराणीसारखी बसलेली शेपटी “आई गं!” म्हणत घसरली आणि थेट पंडितच्या पाठीवर आली.

भिंगरी सुट्टीला मावशीकडे आली होती. एका जागी दोन घटका ठरेल तर शपथ, म्हणून घरादाराने तिचं नावच भिंगरी पाडलं होतं. पंडित हा तिचा मावसभाऊ, तिच्याच वयाचा. जगातली कुठलीही गोष्ट त्याला आधीपासून ठाऊक असायची, निदान तो तसं म्हणायचा. आणि शेपटी ही त्याची धाकटी बहीण. ही दोघं जातील तिथे ती मागे असायचीच!

मावशीची लाँड्री होती. घर रस्त्याच्या अंगाला, कपडे धुवायचं आवार मागे कालव्याकाठी, आणि मधे एक भलंमोठं गोदाम. गोदामाच्या भिंतीला लागून एक अरुंद बोळ होता. हातगाडी जेमतेम जाईल एवढाच, पण त्या बोळावर सगळं घर जगत होतं. आज त्या बोळाच्या तोंडाशी विटांचा ढीग पडला होता.

“ए पोरांनो, गाडी मागे घ्या!” विटा उतरवणारा मुकादम म्हणाला. “इथे भिंत होणार आहे.”

“भिंत? आणि आम्ही जायचं कुठून?”

“हमरस्त्यानं. पुलावरून वळसा घालून.”

“ओले कपडे घेऊन? त्या चढावर?” पंडित उसळला. “कुणाला विचारून बांधताय?”

“मला काय विचारतोस बाबा! गोदाम नव्या मालकांनी घेतलंय. उद्या कोर्टात तारीख आहे म्हणे. हुकूम मिळाला की आम्ही थापी उचलणार.”

तिघांनी मुकाट्याने गाडी मागे घेतली.

घरी मावशी इस्त्री करत होती. पण आज इस्त्री केलेले कपडे ती नेहमीसारखे फळीवर रचत नव्हती, गिऱ्हाइकांच्या नावाने बांधून दाराशी ठेवत होती.

“मावशी, बोळात विटा टाकल्यात!”

“माहीत आहे गं.” मावशीने मान वर केली नाही. “म्हणून तर ज्याचे त्याला परत करतेय. गाडी जाणार नसेल तर लाँड्री कसली आणि काय. घर विकायचं, मामाकडे एक खोली मिळते का बघायचं. शेपटीला नेईन बरोबर. पंडितला वसतिगृहात ठेवावं लागेल.”

सगळं आधीपासून माहीत असणाऱ्या पंडितला हे मात्र माहीत नव्हतं!

“मी जिंकलोय तो खटला,” खिडकीकडून आवाज आला.

खिडकीशी अप्पा बसले होते. अप्पा म्हणजे मावशीचे सासरे, पंडितचे आजोबा. दिवसाकाठी चार शब्द बोलले तर पुष्कळ.

“कुठला खटला, अप्पा?” भिंगरीने विचारलं.

“बोळाचा. त्या वेळच्या गोदामवाल्यानेही अडवला होता. मी दावा लावला. वहिवाटीचा हक्क मिळाला मला.”

“मिळाला असेल हो अप्पा,” मावशी दमलेल्या आवाजात म्हणाली, “पण कागद कुठे आहे? न्यायाधीशबाईंनी मागच्या तारखेला स्पष्ट सांगितलं, जुना निकाल दाखवा, लगेच भिंत थांबवते. आपल्याकडे काय आहे? दाव्याचा नंबर लिहिलेलं एक जुनं समन्स. त्यावरून वकीलसाहेबांनी नकलेचा अर्ज केला, तर तो शिक्का मारून परत आला. ‘शोध घेतला, आढळ होत नाही.’”

“निकाल कधी लागला, अप्पा?” पंडितने विचारलं.

अप्पांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. झालं! पुढे पालथ्या घड्यावर पाणी.

मावशी हलकेच म्हणाली, “कधीच सांगत नाहीत. आता वाटतं, जिंकले तरी होते की नाही देव जाणे.”

अप्पांना ते ऐकू गेलं. म्हाताऱ्या माणसाचे कान नको तेव्हा बरोबर उघडे असतात! त्यांच्या खांद्यांनी ते ऐकल्याचं सांगितलं.

आणि बाळांनो, सगळ्यात वाईट काय असतं सांगू? भांडण वाईट नसतं, रडणंही वाईट नसतं. घरातल्या माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचं दमून सोडून देणं, ते वाईट.

“एकदा आपण स्वतः जाऊन बघू या ना, मावशी!” भिंगरी म्हणाली. “आत्ताच्या आत्ता!”

मावशी आली, पण नाइलाजाने. वकीलसाहेब कोर्टाच्या व्हरांड्यात एका हाताने पान उलटत, दुसऱ्याने चहा पीत तिसऱ्याच कुणाशी बोलत होते. “तपासणीचा अर्ज? हा घ्या!” त्यांनी खर्रकन तो भरला. “बघून या. मनाचं समाधान. पण वहिनी, आशा ठेवू नका.”

रेकॉर्ड रूम तळघरात होती. छतापर्यंत लोखंडी घोडे, म्हणजे उंच मांडण्या, आणि त्या घोड्यांवर लाल कापडात बांधलेले गठ्ठेच गठ्ठे! वर्षानुवर्षांची भांडणं तिथे एकमेकांना टेकून गप्प झोपली होती. जुन्या कागदाचा, ओल्या भिंतीचा आणि उंदरांचा वास येत होता.

टेबलामागे रेकॉर्डकीपर बसले होते. गळ्यात मफलर, नाकाला रुमाल.

“पुन्हा तोच नंबर?” ते म्हणाले. “एकदा शोधलंय ना! आ... आ... आक्छू! या धुळीनं माझा जीव जाणार एक दिवस. चला. बघा आणि मला सोडा.”

त्यांनी अर्जावरचं साल पाहिलं, त्या सालाच्या घोड्यापाशी नेलं, गठ्ठे उतरवले. मावशी एकेक पाकीट बघत गेली. पंडितने वर उजेड धरला. शेपटी शिंका मोजत होती, तिला कुणीतरी गप्प केलं. भिंगरी शेवटचा गठ्ठा उलगडत होती. एका पाकिटावरचा नंबर बघून ती थबकली.

“काका, हा गठ्ठा या सालाचा ना? मग या पाकिटावर आधीचं साल का?”

“हात लावू नकोस!” रेकॉर्डकीपर खेकसले. “शाळा आहे का ही, प्रश्न विचारायला? तुमचं पाकीट आहे का त्यात? नाही ना? मग संपलं!”

त्यांनी पाकीट तिच्या हातातून काढून घेतलं, गठ्ठा बांधला, शिक्का शाईत बुडवला आणि अर्जावर हाणला. आढळ होत नाही!

मावशी तिथल्याच पायरीवर बसली. रडली नाही. बाजूने लोक वरखाली करत होते, कुणाच्या हातात फायली, कुणाच्या हातात डबे. भिंगरीला वाटलं, देवा, आता तूच काहीतरी बोल. पण देव काही बोलला नाही. देव असा वरून ओरडून सांगत नसतो. तो डोक्यात एखादं कुसळ रुतवून ठेवतो आणि ते टोचत राहतं.

भिंगरीला ते कुसळ घरी येईपर्यंत टोचत होतं.

दुपारी तिघं धुण्याच्या आवारात दगडावर बसली. दोऱ्या रिकाम्या होत्या. कालव्याचं पाणी आपलं वाहत होतं, त्याला कुणाचं काय!

“वसतिगृहात म्हणे दिवे लवकर मालवतात,” पंडित म्हणाला. आज त्याच्या बोलण्यात तोरा नव्हता.

“दादा, मी पण येणार,” शेपटी म्हणाली.

“तुला घेत नाहीत.”

“मी ट्रंकेत बसून येईन!”

एरवी तिघं हसली असती. आज कुणालाच हसू आलं नाही. शेपटीच्या ओठांचा चंबू झाला आणि ती मुसमुसायला लागली. पंडितने तिला कुशीत ओढलं आणि दुसरीकडे तोंड केलं, म्हणजे त्याचे डोळे कुणाला दिसू नयेत.

“पंडित,” भिंगरी हळूच म्हणाली, “एक सांग. त्या पाकिटावर आधीचं साल का होतं?”

“चुकून घातलं असेल कुणीतरी.”

“एक चुकेल रे. मी त्याच्या खालचंही बघितलं होतं. त्यावरही आधीचंच साल. त्याच्या खालच्यावर त्याहून आधीचं.”

“असं कसं?” पंडित डोकं खाजवायला लागला. “दाव्याचा नंबर पडतो तेव्हा साल लिहितात. म्हणजे खटला सुरू झाला ते साल. सुरू झाला एका साली, आणि ठेवला...”

तो थांबला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

“संपला त्या साली!” दोघं एकदमच ओरडली.

“चालू खटला तळघरात जाईलच कसा!” पंडित उठून उभा राहिला. “चालू असेपर्यंत तो वर कोर्टात असतो. संपला की खाली जातो, आणि त्या सालाच्या गठ्ठ्यात बसतो. तळघरात खटल्याच्या जन्माचं साल चालत नाही भिंगरे, मरणाचं लागतं!”

“मग त्या रेकॉर्डवाल्यांना नाही का हे माहीत?”

“चांगलं माहीत असणार! पण अर्जात निकालाच्या सालाची जागा असते. वकीलसाहेबांना ते साल माहीत नव्हतं. त्यांनी समन्सवरचंच साल तिथे ठोकून दिलं असेल. यांनी लिहिलं तिथे बघितलं आणि शिक्का मारला. याने त्याला विचारलं नाही, त्याने याला विचारलं नाही!”

“आणि आपलं घर बुडालं!” भिंगरी म्हणाली. “मग निकाल कुठल्या साली लागला?”

पंडितचा चेहरा पुन्हा पडला. ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस बोलत नव्हता.

अप्पा खिडकीशीच होते. भिंगरी त्यांच्या पायाशी जाऊन बसली. भिंगरी आणि बसली! पंडित दारातच थांबला.

“अप्पा, आम्हाला तुमचं खरं वाटतं,” ती म्हणाली. “तुम्ही जिंकलात. कागद आहे. फक्त तो कुठल्या साली मिळाला तेवढं सांगा.”

अप्पांनी पुन्हा तोंड खिडकीकडे फिरवलं. भिंगरीला वाटलं, उठावं आणि जावं. चिडून काहीतरी बोलावंसंही वाटलं. पण ती बसून राहिली. कितीतरी वेळ बसली.

“कोर्टातून आलो की ती दारात उभी असायची,” अप्पा अचानक म्हणाले. कुणाशी बोलत होते कोण जाणे. “काय झालं, म्हणून विचारायची. माझं एकच उत्तर. तारीख पडली. दर खेपेला तेच. तारीख पडली, तारीख पडली. वर्षं गेली गं पोरी अशी. आणि ज्या दिवशी सांगायला काहीतरी होतं ना, त्या दिवशी विचारणारी नव्हती.”

दारात पंडित उभा होता. त्याने आपल्या आजीला कधी पाहिलं नव्हतं.

“निकालाचा कागद आणायला गेलोच नाही मी. कुणाला दाखवायचा? तिच्यासाठीच तर भांडलो होतो. तिचा पाय अधू होता. पुलाचा चढ चढवत नव्हता तिला. ती गेली, त्याच साली लागला निकाल. सरत्या वर्षाला.”

पंडित आतल्या खोलीत पळाला. आजीच्या फोटोखाली तारीख होती. तो परत आला तेव्हा ते साल त्याने तळहातावर लिहून आणलं होतं.

“अप्पा,” भिंगरी म्हणाली, “आमच्याबरोबर याल? दावा तुमच्या नावाचा आहे. तुम्ही मागितलंत तर दाखवावंच लागेल त्यांना.”

अप्पांनी काठीला हात घातला.

रेकॉर्डकीपर आवराआवर करत होते. तिघं पोरं आणि मधे काठी टेकत आलेले अप्पा बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

“पुन्हा? अहो, दोनदा शिक्का मारला! मेलेल्या माणसाला किती वेळा मारायचं?”

“ते दुसरं साल होतं, काका. हा नवा अर्ज,” पंडितने कागद पुढे केला. निकालाच्या सालाच्या जागी त्याने ठळक अक्षरात साल लिहिलं होतं आणि खाली अप्पांची थरथरती सही होती.

“उद्या या.”

“उद्या भिंत होईल!”

“त्याला मी काय करू? वेळ संपत आली.”

भिंगरीने पंडितकडे बघितलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, “बरोबर आहे, काका. तुम्ही तरी किती करणार! एवढंच करा, या अर्जावर लिहून द्या, ‘या सालाचे गठ्ठे बघितले नाहीत.’ आणि सही. उद्या न्यायाधीशबाईंना तोच कागद दाखवतो.”

“हो, शिक्का मारा!” शेपटी मधेच म्हणाली. “मोठ्ठा!”

रेकॉर्डकीपरांची लेखणी हवेत थांबली. ‘आढळ होत नाही’ लिहायला त्यांना कधी भीती वाटली नव्हती. पण ‘बघितलं नाही’ असं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं? त्यांनी एकदा भिंगरीकडे, एकदा अप्पांकडे बघितलं आणि मफलर नाकावर ओढला.

“चला,” ते म्हणाले.

त्या सालाचा घोडा अगदी कोपऱ्यात, ओल्या भिंतीला लागून होता. पंडित शिडीवर चढला. त्याने वरचा गठ्ठा ओढला आणि लाल कापड त्याच्या हातातच फाटलं. आतून भुरभुर माती गळायला लागली.

“वाळवी!” रेकॉर्डकीपर ओरडले. “अरे देवा, वाळवी लागलीय!”

पंडितने दुसरा गठ्ठा उतरवला. तोही तसाच. कागदांच्या जागी चिखलाचे बोगदे, त्यांत पांढऱ्या अळ्यांसारखं काहीतरी वळवळत होतं. माणसांची भांडणं, माणसांच्या शपथा, सगळ्यांची माती झाली होती. अप्पा भिंतीला टेकले. “राहू दे, पोरांनो,” ते म्हणाले, “तिच्याबरोबरच गेलं म्हणायचं.”

भिंगरीला हुंदका आला. एवढ्या लांब यायचं आणि हाती माती! पण हात थांबेनात. ती जमिनीवर बसून माती बाजूला करत राहिली, पाकीट उलगडायचं, ठेवायचं. डोळ्यांतलं पाणी मनगटाने पुसताना तोंडभर चिखल झाला. पंडित खाली उतरून तिच्या शेजारी बसला. मग शेपटी बसली. आणि थोड्या वेळाने, गुडघे वाजवत, शिंकत, रेकॉर्डकीपरही बसले.

खालच्या गठ्ठ्याच्या पोटात, दोन जाड पाकिटांच्या मधे, एक पाकीट होतं. कडा कुरतडलेल्या, एक कोपरा पार गेलेला. पंडितने त्यावर फुंकर मारली. नंबर वाचला. पुन्हा वाचला.

“अप्पा,” तो म्हणाला, “तुमचं नाव आहे यावर.”

दुसऱ्या दिवशी कोर्टात गोदामाचे नवे मालक ऐटीत बसले होते. वकीलसाहेब उठून घसा खाकरत म्हणाले, “जुना निकाल सापडला आहे. आमच्या अथक प्रयत्नांनी...”

“कुणाच्या?” पंडित पुटपुटला. मावशीने त्याचा कान धरला, पण पिळला नाही.

न्यायाधीशबाईंनी रेकॉर्डकीपरांकडून पाकीट मागवून घेतलं. किती तरी वेळ त्या वाचत होत्या. मावशीच्या ओठांची हालचाल चालली होती, मनातल्या मनात ती देवालाच हाक मारत असावी.

“निकाल स्पष्ट आहे,” बाई शेवटी म्हणाल्या. “बोळाची वहिवाट कायमची आहे. मालक बदलला म्हणून हक्क बदलत नाही. भिंत बांधता येणार नाही. विटा उचला.” मग त्यांनी वकीलसाहेबांकडे आणि रेकॉर्डकीपरांकडे चष्म्यावरून पाहिलं. “हे दोनदा ‘आढळ होत नाही’ कसं झालं, ते तुम्ही दोघं मला लेखी सांगा. आणि ही तीन मुलं कोण, जी चिखलात बसून माझ्या कोर्टाचं काम करत होती?”

तिघं उभी राहिली. शेपटी बाकावर उभी राहिली.

“शाबास,” बाई म्हणाल्या. “मोठ्यांनी विचारायला हवं होतं ते तुम्ही विचारलंत.”

मावशीने तिघांना जवळ ओढलं. रेकॉर्डकीपरसुद्धा शिंक आवरत म्हणाले, “पोरं चिवट आहेत हो!” वकीलसाहेबांनी भिंगरीची पाठ थोपटली, जराशी ओशाळतच. पण भिंगरीचं लक्ष अप्पांकडे होतं. ते हसत नव्हते. भिंत थांबली होती, पण ज्या पायांसाठी ते भांडले, ते पाय आता त्या बोळातून कधीच येणार नव्हते.

बाई पाकीट बंद करता करता थांबल्या. “आजोबा, यात एक साक्ष आहे. तुमच्या पत्नीची?”

अप्पांनी मान वर केली. “तिनं दिली होती साक्ष. हो.”

“वाचून दाखवू?”

अप्पांसाठी भिंगरीने मान हलवली.

“पलीकडच्या वकिलांनी विचारलंय, ‘हमरस्त्याने गेलात तर काय बिघडतं?’ त्यावर त्या म्हणाल्यात, ‘बिघडत काही नाही साहेब. मी हळूहळू का होईना, पोचते. पण मी रोज कालव्यावर ह्यांचा डबा घेऊन जाते, आणि...’” बाई थांबल्या. पान उजेडात धरलं. “पुढचं वाळवीनं खाल्लंय.”

“‘आणि मला उशीर झाला,’” अप्पा म्हणाले. ते उठून उभे राहिले होते, काठीशिवाय. “‘आणि मला उशीर झाला, तरी हे जेवत नाहीत. तसेच उपाशी वाट बघत बसतात. बोळातून गेलं की वेळेवर जेवतात.’ असं म्हणाली होती ती. सगळं कोर्ट हसलं तेव्हा. फार लाजली.”

आज कुणी हसलं नाही. बाईंनी लेखणी उचलली आणि विचारलं, “पुन्हा एकदा सांगता, आजोबा? सावकाश सांगा. मी लिहून घेते.”